बाई, मी सांगू? मी सांगू?

पहिलीच्या वर्गात काऊ-चिऊची गोष्ट रंगात आलेली असते. पाऊस कोसळतोय, काऊचं घर वाहून गेलंय, तो चिऊच्या दारावर टकटक करतोय आणि नेमका तेव्हाच दुसऱ्या रांगेतून आवाज येतो, “बाई, आमच्या घरातपण पाणी आलेलं!” त्याच्या पाठोपाठ दुसरा, “बाई, हा माझी पेन्सिल घेतो.” तिसरीला गोष्ट आजीकडून ऐकून पाठ असते, ती शेवट सांगूनच टाकते. चौथा करंगळी वर करून उभा. बाईंची गोष्ट तिथेच अडते आणि आपल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हुकूम सुटतो: हाताची घडी, तोंडावर बोट.

हुकूम लागू पडतो, नाही असं नाही. पण दोन-तीन मिनिटंच, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गप्प बसायचं एवढंच त्यातून मुलाला कळतं. बोलायचं असेल तेव्हा काय करायचं, हे कळत नाही. शिवाय घडी घातलेला हात वर तरी कसा करणार?

हे लिहितो आहे ते बालवाडीपासून दुसरी-तिसरीपर्यंत शिकवणाऱ्यांसाठी आणि थोडं पालकांसाठी. माझं म्हणणं असं की, लहान मूल मध्येच बोलतं ते बहुतेक वेळा आपला नंबर येईल याचा भरवसा नसतो म्हणून. हा भरवसा वर्गात तयार करता येतो, आणि थांबायचं म्हणजे हातापायांनी, डोळ्यांनी नेमकं काय करायचं हेही शिकवता येतं. उद्धटपणा, लाड, घरचं वळण वगैरे कारणांकडे त्यानंतर वळावं. तोवर वळायची गरज बहुधा उरत नाही.

वरचे चार आवाज बाईंच्या कानाला सारखेच येतात, पण ते चार वेगवेगळ्या गोष्टी मागत असतात. त्यांना एकच औषध देऊन चालत नाही.

करंगळीवाल्याचं आधी उरकू. सहा वर्षांच्या मुलाला लघवी दाबून ठेवायला लावू नये, आणि त्यासाठी गोष्टही थांबवू नये. दाराजवळच्या खिळ्याला लाकडाची किंवा पुठ्ठ्याची एक चकती दोऱ्याने अडकवून ठेवा. जायचं असेल त्याने ती गळ्यात घालायची, जाऊन यायचं, परत अडकवायची. चकती जागेवर नसेल तर कुणीतरी गेलंय. विचारणं नाही, सांगणं नाही. पहिल्या आठवड्यात चकतीच्या फेऱ्या फार होतील, कारण ती गळ्यात घालण्यातच गंमत असते. ती ओसरते.

चकती समजावून द्याल त्याच बैठकीत मुलांना हेही स्पष्ट सांगा की काही गोष्टींसाठी मध्येच बोलायचंच असतं: कुणाला लागलं, रक्त आलं, उलटी होतेय, विंचू-साप दिसला, कुणी मारतंय, कुणी नको तसा हात लावला. ‘बाई बोलत असताना कधीच बोलायचं नाही’ असा सरसकट नियम भित्र्या मुलाला महागात पडतो. ते वर्गातच शू करतं, नाहीतर ताप अंगावर घेऊन बसून राहतं.

पेन्सिलवाल्याला हवा असतो न्याय. लहान मुलांच्या वर्गात मध्येच येणाऱ्या बोलण्यात तक्रारींचा वाटा फार मोठा असतो. त्यातल्या बहुतेक तक्रारी ज्याच्याबद्दल आहेत त्याला सांगायच्याच राहून गेलेल्या असतात. मूल थेट बाईंच्या दरबारात येतं. म्हणून आधी त्याला ते वाक्य द्या: “ही माझी आहे, परत दे.” सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्या, खणखणीत आवाजात. दोनदा सांगून ऐकलं नाही तरच बाईंकडे यायचं, आणि तेही मधल्या सुट्टीच्या आधी ठेवलेल्या पाच मिनिटांत. ही पाच मिनिटं रोज ठेवायचीच. तोवर निम्म्या तक्रारी विसरल्या जातात, फिर्यादी आणि आरोपी एकमेकांच्या डब्यात हात घालून बसलेले असतात. उरलेल्या मात्र मन लावून ऐका. ‘जा रे, रोजचंच तुझं’ म्हणून परत पाठवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांची वाट बघत नाही.

आता ज्याच्या घरात पाणी आलं होतं तो. त्याला वात्रट म्हणणं हा अन्याय आहे. बाईंची गोष्ट त्याला पोचली, त्याच्या अनुभवाला जाऊन भिडली, म्हणून तर तो बोलला. शिकवणं यशस्वी झाल्याची खूणच ती. त्याला बातमी सांगायची आहे आणि ती आत्ता सांगितली नाही तर डोक्यातून जाईल हे त्याला अनुभवाने माहीत आहे. सहा वर्षांच्या मुलाला ‘नंतर सांग’ म्हणणं म्हणजे बहुतेक वेळा ‘सांगू नको’ म्हणणंच, कारण नंतर त्याला ती आठवत नाही आणि बाईंनाही आठवत नाही. यावर दोन उपाय. एक, बातमीचा वार लावून द्यायचा. परिपाठ झाल्यावर वर्गात गोल बसायचं आणि हजेरीपटाच्या क्रमाने रोज तिघांनी आपल्या घरची, गल्लीची, रानातली बातमी सांगायची. तीस मुलांच्या वर्गात दहा दिवसांत प्रत्येकाचा नंबर लागतो. तीन नावं फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीच लिहून ठेवा. वाचता न येणाऱ्यांना आपलं नाव तेवढं पटकन ओळखता येतं. दोन, गोष्ट चालू असताना काही सुचलं तर त्याचं चित्र पाटीवर काढून ठेवायचं. चित्र कसलंही असो, दोन रेघा आणि एक गोळा चालेल. गोष्ट संपली की पाटीकडे बघून त्याला सगळं आठवतं. बोलणं थांबवायला जमत नाही अशा मुलाच्या हाताला काम मिळतं, हा वरचा फायदा.

आणि जिला शेवट माहीत होता ती? तिच्यासारख्यांबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण तिथे चूक बरीचशी शिकवणाऱ्यांच्या बाजूला असते.

आपण मुलांना विचारतो, “दोन आणि दोन?” सगळा वर्ग ओरडतो, “चाऽऽर!” आपण खूश. पुढच्याच वाक्यात विचारतो, “मग पाच आणि तीन?” पुन्हा सगळा वर्ग ओरडतो, आणि या वेळी आपण रागावतो, “एकेकाने! हात वर करा!” पहिल्या प्रश्नाला एकसुरात ओरडणं हे शहाणपण आणि दुसऱ्याला तो गोंधळ, हे मुलाने कशावरून ओळखायचं? खुणा वेगळ्या ठेवल्या की हा घोळ मिटतो. बाईंनी दोन्ही हात पुढे पसरले तर सगळ्यांनी मिळून बोलायचं, स्वतःचा एक हात वर धरून प्रश्न विचारला तर हात वर करायचा. तिसरी खूण, बोट कपाळाला लावलं तर नुसता विचार करायचा, कुणी काही बोलायचं नाही. या तीन खुणा आठवडाभर न चुकता पाळल्या तर ‘मी सांगू, मी सांगू’चा कल्लोळ निम्मा तरी उतरतो. पाळायच्या मात्र आधी बाईंनी.

दुसरी गोष्ट आपल्या घाईची. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात वर्गातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत आणि मग दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. मुलाचं उत्तर आल्यावरही तितक्याच घाईने ते त्यावर बोलत. दोन्ही ठिकाणी शिक्षकांनी तीन सेकंद थांबायला सुरुवात केली तेव्हा उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं. तीन सेकंद म्हणजे मनात एक-दोन-तीन. ऐकायला सोपं, करायला अवघड. स्वतः करून बघा, दुसऱ्या सेकंदालाच जीभ वळवळते.

मोठ्यांच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो हे दहा भाषांमध्ये मोजून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी अंतर सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास होतं. मोठी माणसं समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच स्वतःचं जुळवून ठेवतात म्हणून हे जमतं. लहान मुलाला ते जुळवायला जास्त वेळ लागतो. त्याचं वाक्य तयार होईस्तोवर फट बुजलेली असते. मग आत शिरायचा एकच मार्ग उरतो, चालत्या बोलण्यात उडी मारणे. एक सेकंदाचा वर्ग हा धीट आणि चपळ मुलांचा वर्ग असतो. बाकीच्यांनी एक तर घुसावं नाहीतर गप्प राहावं. आपलं लक्ष घुसणाऱ्यांकडे जातं. खरं नुकसान मात्र कोपऱ्यात बसलेल्या, महिनोन् महिने आवाज न निघालेल्या मुलीचं होत असतं.

बी.एड.ला फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत बहुतेकांनी परीक्षेपुरती पाठ केलेली असते. नेड फ्लँडर्सचा निष्कर्ष आठवा: वर्गाच्या वेळातला दोन तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं, आणि त्या बोलण्यातलं दोन तृतीयांश शिक्षकांचं असतं. तीस मुलांनी उरलेल्या बोलण्यात आपापला वाटा शोधायचा. ताटात वाढलंच कमी तर पंगतीत हिसकाहिसकी होणारच. म्हणून मुलांचं बोलणं कमी करण्याआधी ते वाढवण्याची सोय करा. प्रश्न विचारा, तीन सेकंद विचार करू द्या, मग शेजाऱ्याच्या कानाशी उत्तर सांगायला लावा, आणि त्यानंतर दोघा-तिघांना सगळ्यांसमोर विचारा. मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी ही रीत १९८१ मध्ये मांडली. अर्ध्या मिनिटात तीसच्या तीस मुलं बोलून मोकळी होतात. पाटी असेल तर आणखी चांगलं: उत्तर लिहा, पाटी छातीशी धरा, ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर. जिला उत्तर आधीच माहीत आहे तिला ते ठेवायला जागा मिळते आणि बाईंना एका नजरेत सगळा वर्ग कळतो.

आता भरवशाबद्दल. मुलांनी मार्शमॅलो नावाची गोळी समोर ठेवून थांबायचं, थांबलं तर दोन मिळतील, हा स्टॅनफर्डमधला वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग आपल्याकडच्या पालकसभांमधूनही फार सांगितला जातो, आणि त्यावरून ‘ज्याला थांबता येतं तो पुढे जातो’ असं तात्पर्यही काढलं जातं. २०१८ मध्ये जास्त मुलांवर केलेल्या अभ्यासात, घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतल्यावर, ते नातं बरंच फिकं निघालं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्रं काढायला बसवलं. जुने खडू देऊन सांगितलं, ‘थांबलास तर चांगलं साहित्य आणते.’ निम्म्या मुलांना ते साहित्य खरंच आणून दिलं. निम्म्यांना परत येऊन सांगितलं, ‘माफ कर, संपलंय.’ मग मार्शमॅलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांची फसगत झाली होती ती तीन मिनिटं. कुणाला कुठल्या गटात घालायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं, तेव्हा मुळातली गुणी मुलं एका बाजूला गेली असंही म्हणता येत नाही. थांबण्यात फायदा आहे असं एका गटाला दिसलं होतं, दुसऱ्याला दिसलं नव्हतं.

काऊचंही तेच झालं होतं की. चिऊ दर वेळी ‘थांब’ म्हणते आणि दर वेळी नवं काम काढते. पुढच्या वेळी काऊ टकटक करत बसेल, की खिडकीतून आत शिरेल?

वर्गात ‘थांब हं, मग सांग’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा उच्चारतो आणि त्यातल्या किती मुलांकडे परत जातो, याची एक दिवस नोंद ठेवा. स्वतःपुरतीच, कुणाला दाखवायची नाही. परत जाणं जमत नसेल तर ‘थांब’ म्हणू नये, ‘आज जमणार नाही, उद्या परिपाठानंतर पहिला नंबर तुझा’ असं खरं सांगावं आणि नाव फळ्यावर लिहावं. मुलं नकार पचवतात. विसरले गेलेले शब्द त्यांना पचत नाहीत.

नंबर लावण्याची एक युक्ती उपयोगी पडते. मुलाने हात वर केला की बाई बोलणं न थांबवता त्याच्याकडे बघतात आणि एक बोट दाखवतात: तुझा पहिला नंबर. दुसऱ्याला दोन बोटं, तिसरीला तीन. नंबर मिळाला की हात खाली घ्यायचा आणि सांगायचं आहे ते मुठीत धरून ठेवायचं, मूठ गुडघ्यावर. एका वेळी तिघांपेक्षा जास्त नंबर देऊ नका, कारण चौथा तुमच्याच लक्षात राहणार नाही. वाक्य पूर्ण झालं की क्रमाने तिघांना बोलू द्या. हात पाच मिनिटं वर धरून ठेवणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष हातातच असतं. बाई काय सांगतात ते त्याला ऐकूच येत नाही. बोट दिसल्याबरोबर खांदे खाली येतात, चेहरा निवळतो. त्याला हवं होतं ते मिळालं, बाईंनी पाहिलं.

हे सगळं शिकवायचं केव्हा? शाळा उघडल्यावर लगेच. आपल्याकडे १५ जूनच्या सुमारास, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा, शाळा सुरू होते आणि लगोलग पुस्तकाला हात घालायची घाई होते. पहिले दोन आठवडे या सवयींना दिले तर ते पुढच्या दहा महिन्यांत वसूल होतात. शिकवायचं ते अक्षर शिकवतो तसंच: दाखवून, करून घेऊन, चुकलं की पुन्हा करून घेऊन. आधी बाईंनी मूल व्हावं. एखाद्या मुलीला बाईंच्या खुर्चीत बसवा, ती गोष्ट सांगेल, आणि तुम्ही खाली बसून मध्येच ओरडा, “बाई, बाई, माझ्या मामाकडे बैल आहे!” मुलं पोट धरून हसतात. विचारा, गोष्टीचं काय झालं? मग तेच नीट करून दाखवा: हात वर, बोट मिळालं, मूठ, वाट, मग बोलणं. नंतर दोघा-तिघांकडून करून घ्या. सरावासाठी प्रश्न बिनमहत्त्वाचे घ्या: डब्यात काय आणलंय, काल कुठला प्राणी दिसला. पहिल्या दिवशी नंबर दोन-चार सेकंदांत द्या, म्हणजे थांबलं की मिळतं हे पटतं. मग थांबायचा वेळ हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी दहा मिनिटांची गोष्ट ऐकवून ‘मध्ये कुणी बोलायचं नाही’ म्हटलं तर नियम मोडण्याचाच सराव होतो. बालवाडीत तर गोष्ट मुलांच्या बोलण्यासकटच सांगायची असते; तिथे दोन-तीन ठिकाणी थांबून “मग काय झालं असेल?” विचारावं आणि त्या जागा मुलांच्या हवाली कराव्यात.

मुलांना पाळी सांभाळणं अजिबात येत नाही, असं मानू नका. सुट्टीत लगोरी नाहीतर विटीदांडू चालू असताना बघा. डाव कुणाचा, राज्य कुणावर, मध्ये कोण घुसलं, टाइमप्लीज कुणी घेतली, यावर ती वकिलासारखी भांडतात आणि निकालही लावतात. ‘आत्ता सानिकाचा डाव आहे’ हे वाक्य वर्गात वापरलं तर पहिलीच्या मुलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नियमाचे शब्दही असेच, काय करायचं ते सांगणारे असावेत. ‘एक बोलतो, बाकीचे ऐकतात’ एवढं पुरे. भिंतीवर दहा सूचनांचा तक्ता लावायची गरज नाही, वाचणार कोण?

शांततेचा खेळ घ्यावा का, असं शिक्षक विचारतात. माँटेसरींच्या बालगृहातून आलेला हा खेळ सुंदर आहे: सगळे स्तब्ध बसतात, बाई लांबून कुजबुजत एकेकाचं नाव घेतात, ज्याचं नाव ऐकू येईल त्याने आवाज न करता उठून यायचं. पण गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधल्या शिक्षकाची पहिल्या दिवशीची फजिती आठवा. चौथीच्या वर्गात जाऊन त्याने दारं-खिडक्या बंद करून शांततेचा खेळ मांडला आणि मुलांनी आवाज काढून त्याची पार दैना केली. दुसऱ्या दिवसापासून त्याने गोष्टी सांगायला सुरुवात केली आणि तीच मुलं कान देऊन बसली. पुढे भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या, त्याही मुलं जिथे असतील तिथून सुरुवात करत. तेव्हा शांततेचा खेळ घ्या, पण वर्ग तुमच्यावर खूश असेल त्या दिवशी, मिनिटभरच, आणि गोंधळ चालू असताना तो थांबवायला म्हणून कधीच नाही.

एवढं करूनही मुलं मध्ये बोलणार. त्या क्षणी काय करायचं? शक्य तितकं थोडं. ओरडणाऱ्याकडे न बघता हात वर केलेल्याकडे बघा, “सानिका, सांग.” एवढंच. ‘बघा सानिका किती शहाणी, आणि तू?’ हे जोडू नका. त्याने सानिकाला मधल्या सुट्टीत मार बसतो. ओरडणाऱ्याने बघून हात वर केला की लगेच, त्याच मिनिटात, त्याला संधी द्या. ओरडून सांगितलेलं उत्तर बरोबर असलं तरी घेऊ नका, आणि इथेच आपण घसरतो. तास संपत आलेला असतो, उत्तर हवं असतं, कुणीतरी ओरडतं, आपण ‘बरोबर!’ म्हणून पुढे जातो. ओरडल्यावर दहातून एकदा जरी मिळालं तरी मूल उरलेले नऊ प्रयत्न आनंदाने करतं. सुरुवातीला दुर्लक्ष केलं की आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, हेही ध्यानात ठेवा. जे आजवर चालत होतं ते चालेनासं झालं म्हणून मूल जोर लावून बघतं. तिथे शिक्षक हरले तर जास्त मोठ्याने ओरडलं की मिळतं, हा नवा धडा मिळतो.

वर्गाचे गट पाडून मध्ये बोलण्याच्या खुणा मोजायच्या आणि कमी खुणा झालेल्या गटाला सवलत द्यायची, असाही खेळ आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत चौथीच्या एका वर्गावर तो पहिल्यांदा तपासला गेला आणि बोलणं, जागा सोडणं दोन्ही झपाट्याने उतरलं. मोठ्या मुलांना तो चालेल. पहिली-दुसरीत मला तो आवडत नाही, कारण गटाच्या हरण्याचं खापर एकाच मुलावर फुटतं आणि तो मुलगा बहुधा ठरलेलाच असतो. तोंडाला पट्टी लावणं, बाकावर उभं करणं, वर्गाबाहेर काढणं यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केलेली आहे.

दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र असतात तिथे अडचण निराळी. बाई पहिलीला शिकवत असताना दुसरीची मुलं “झालं बाई, आता काय?” म्हणून येत राहतात. हे मध्ये बोलणं कामाच्या रचनेतून येतं. गणित सोडवून झाल्यावर काय करायचं हे आधीच सांगितलेलं असलं, गोष्टीची पुस्तकं हाताशी असली, आणि अडलं तर आधी शेजाऱ्याला, मग गटप्रमुखाला विचारायचं ठरलेलं असलं, तर बाईंपर्यंत येणारी मुलं कमी होतात.

पालकांसाठी थोडं. घरात आपण सगळे एकदमच बोलतो. टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, आजोबांचा फोन, आणि त्यात मूल. बरीच कुटुंबं अशीच आनंदाने बोलतात, त्यात वाईट काही नाही. मुलाला घरची रीत आणि वर्गाची रीत वेगळी ठेवता येते. एक गोष्ट मात्र घरी करून बघण्यासारखी आहे. आई कुणाशी बोलत असताना काही सांगायचं असेल तर मुलाने ओढणी ओढायची नाही, आपला हात आईच्या मनगटावर ठेवायचा. आईने लगेच त्या हातावर आपला हात ठेवायचा, म्हणजे कळलं, आलेच. वाक्य संपलं की वळायचं. सुरुवातीला दहा सेकंदांत वळा. आणि मोबाइलमध्ये बघत ‘हं, हं’ करू नका. त्या ‘हं’वर विसंबून मूल अख्खी हकिगत सांगतं आणि शेवटी आपण विचारतो, “काय म्हणालास?” त्याने पुढच्या वेळी थांबावं तरी का?

आणि एखादं मूल या सगळ्याला पुरून उरतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर फेकणं, पाळी येईपर्यंत थांबता न येणं, दुसऱ्यांच्या खेळात-बोलण्यात घुसणं ही अतिचंचलतेच्या, म्हणजे एडीएचडीच्या, लक्षणांत मोडतात. पण निदानासाठी ती लक्षणं सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, वयाच्या मानाने जास्त प्रमाणात आणि इतर लक्षणांच्या जोडीने दिसावी लागतात. ते काम डॉक्टरांचं. शिक्षकांनी शिक्का मारू नये. अशा मुलाला पुढच्या रांगेत बसवा, नंबर लवकर द्या, खडू वाटायला, फळा पुसायला मध्येमध्ये उठवा. त्याआधी एक साधी गोष्ट तपासून घ्या, ऐकू येतं का? कान वाहणाऱ्या, वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाला अर्धवट ऐकू येतं. कोण बोलतंय, कुणाचं संपलं हे न कळल्यामुळे ते भलत्या वेळी, भलत्या आवाजात बोलतं आणि उद्धट ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं, अंगणवाडीत दोनदा. त्या दिवशी नुसतं वजन-उंचीवर भागवू न देता अशा मुलांची नावं डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगा. पथक यायला अवकाश असेल तर पालकांना बोलावून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात त्याचे कान दाखवून घ्यायला सांगा.